उजवीकडची पाकळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच.

आचऱ्याजवळ आमचं घर. वडील दुसऱ्याच्या होडीवर खलाशी, आई कोळंबी सोलायला जायची. तिच्या बोटांना बारमाही चिरा. मिठाच्या पाण्यात हात घालताना ती दात आवळायची. त्या बोटांच्या जिवावर मी बी.कॉम. झालो. घराण्यातला पहिला पदवीधर. निकालाच्या दिवशी आईने वाडीभर साखर वाटली. मला माझा फार अभिमान होता — अजूनही आहे, खोटं कशाला बोलू?

माझी बायको स्नेहल एम.एस्सी., सूक्ष्मजीवशास्त्र. मुलगी झाली आणि तिने प्रयोगशाळेतली नोकरी सोडली. मी ‘सोड’ म्हटलं नव्हतं. ‘नको सोडू’ असंही म्हटलं नव्हतं.

मुलगी तीन वर्षांची असताना मालवणच्या एका मासळी तपासणाऱ्या प्रयोगशाळेने स्नेहलची निवड केली. फक्त होकार कळवायचा होता. पण मुलीला दिवसभर सांभाळणार आई, आणि आई देवाला विचारल्याशिवाय हो म्हणणार नाही. आमच्याकडे अशा वेळी देवळात कौल लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आईचे गुडघे गेलेले, देवळाच्या पायऱ्या तिला बंद. म्हणून मी गेलो. एकटाच.

उजवी पडली. लगेच पडली. गुरवकाका हसले, “जा, वैनीक सांग, लॅबचो कोट इस्त्री करूक घे.”

वाटेत तिठ्यावर कुणीतरी थट्टा केली, “काय रे, बायल तुझी सायबीण होतली मां आता?” मीही हसलो. आणि घरापर्यंत ते हसू — काय सांगू, आतून कुजत आलं.

स्नेहल दारात उभी, मुलगी कडेवर. आईने आतून विचारलं, “काय दिल्यान रे देवान?”

“डावो,” मी म्हटलं.

का? वाडीत ‘शिकलेलो’ म्हणून मला ओळखत. ते नाव तिच्याकडे जाईल म्हणून. दुसरं कारण मी पुष्कळ शोधलं — नाही सापडलं.

स्नेहलचा कौलावर विश्वास होता? बहुतेक नव्हता. पण आईशिवाय मूल कुणाकडे ठेवणार? तिने मुलीला खाली ठेवलं आणि तांदूळ निवडायला बसली. गुरवकाकांनी पुढे बाजारात विचारलं, तेव्हा त्यांना मी वेगळंच सांगितलं — जागा भरली.

चार वर्षं ती घरी राहिली. दह्याच्या प्रत्येक भांड्यावर चिठ्ठी लावायची — विरजण किती, लावलं कधी, हवा कशी होती. आई म्हणायची, “दह्याचां बारसां करतंस काय गो?” दोघी हसायच्या. ती काय करतेय हे त्या घरात फक्त मला कळत होतं. तरी माझं तोंड उघडलं नाही.

मग तिथेच पुन्हा जागा निघाली, नोकरीत खंड पडलेल्या बायकांनाही घेणार होते. आईने कौलाचं नाव काढलं. “देवाक आता त्रास नको, आई,” स्नेहल म्हणाली. “मी जातंय.” पहिल्या दिवशीचा डबा मात्र आईनेच भरला. आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी, स्नेहलची एस्टी येईपर्यंत, आई देवाची माफी मागत बसायची — सुनेने कौल मोडला म्हणून. मरेपर्यंत मागत होती. मी शेजारी बसून ऐकत होतो. ऐकवत होतं कसं मला?

स्नेहलला तिच्याहून दहा वर्षांनी लहान मुलींनी नवी यंत्रं शिकवली. ती घरी येऊन सगळं वहीत उतरवायची, मुलगी शेजारी पाढे लिहायची.

उजवी पाकळी पडली होती. स्नेहल आज त्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजीव विभागाची प्रमुख आहे.