आडनावाचा रकाना

संगणकाला जात नसते. आमच्या भंडाऱ्याच्या ऑफिसात हे वाक्य फ्रेम करून लावलं होतं. खाली सरांची सही. सर म्हणजे मालक. त्याच फ्रेमखाली बसून त्यांनी मला एक यादी करायला सांगितली.

काम मुलींच्या एका खासगी वसतिगृहाचं होतं. ऑनलाइन अर्जाचा फॉर्म, आणि आलेला अर्ज सर्व्हरवर तपासून साठवणारी स्क्रिप्ट. दोन्ही मीच लिहिलं होतं. संस्थेचे अध्यक्ष येऊन बघून गेले. ते गेल्यावर सरांनी खुर्ची जवळ ओढली.

"काही आडनावं आली का 'सर्व खोल्या भरल्या आहेत' असं दाखवाचं. बस, एवढंच."

"कोणती आडनावं?"

"तुमच्याकडचीच वं." ते हसले. "यादी तूच कर. तुले तर सगळी पाठ असतीन."

शेजारचा डिझायनर स्क्रीनमध्ये आणखी खोल गेला.

मी म्हटलं, "सर, आमच्यातली अर्धी आडनावं तुमच्यातही आहेत."

"म्हणूनच तर तुले विचारून राहिलो ना बाई! आमाले नाही समजत. तुले बरोबर समजते."

माझ्या हुशारीचं त्या ऑफिसात झालेलं हे पहिलं कौतुक.

खोल्या भरल्याचं ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. पवनीहून शिकायला आले तेव्हा एका घरमालकिणीनं मला खोली दाखवली होती. पंखा लावून दाखवला. नळाची वेळ सांगितली. मग नाव विचारलं. मी सांगितलं. "आन् पुढं?" पुढचंही सांगितलं. "अगं बाई, सकाळीच एकीनं ठरवली ना, मी इसरलीच." तिनं पंखा बंद केला. मी तिच्यावर विश्वास ठेवला. कित्येक वर्षं मला वाटायचं, आपण अर्धा दिवस उशिरा पोचलो. सकाळची बस पकडायला हवी होती.

आता तेच वाक्य मी लिहायचं होतं. माझ्या हातानं, माझ्यासारख्या मुलींसाठी.

कामाचा पहिला धडा सरांनीच दिला होता. बाहेरून आलेल्या कशावरही भरवसा ठेवायचा नाही. रकाना रिकामा आहे का, फोन नंबरात अक्षरं आहेत का, नावाच्या जागी कोणी कोड घुसवतंय का, सगळं तपासायचं. आणि तपासायचं सर्व्हरवरच, कारण ब्राउझरमधली, म्हणजे अर्ज भरणाऱ्याच्याच संगणकावर चालणारी तपासणी कोणीही बंद करू शकतं. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. बाहेरचं कोण, एवढं विचारायचं राहून गेलं.

"मी नाही लिहिणार," मी म्हटलं.

"काहून? तुले कोणी काही म्हटलं का?"

"तुम्ही म्हटलं. आत्ता."

"अवं, तुले थोडी म्हणून राहिलो! तू तर आपली आहेस."

"मग यादीत माझं आडनाव नसेल?"

सर फ्रेमकडे बघत नव्हते. कुठंच बघत नव्हते. "जास्त शिकलं का असंच होते," ते म्हणाले. "उद्यापासून येऊ नको."

नाही गेले.

महिन्याभरानं फॉर्म सुरू झाला. मी घरून उघडला, माझं नाव भरलं. सर्व खोल्या भरल्या आहेत. मग पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड, पाहिला. सरांनी यादी स्वतः लिहिली होती आणि घाईत ब्राउझरच्याच तपासणीत टाकली होती. कोणालाही वाचता येईल अशी. माझं आडनाव चौथं. ती तपासणी बंद करून तोच अर्ज पुन्हा पाठवला. सर्व्हरनं काही न विचारता घेतला. अर्ज क्रमांकही दिला.

म्हणजे मागचं दार उघडं होतं. मला त्यातून आत जायचं नाही. पुढच्या दारावर कोणी, कोणासाठी, काय लिहून ठेवलंय, ते नावानिशी मांडायचं आहे. मी यादीची प्रिंट काढली. नकाराची काढली, अर्ज क्रमांकाचीही काढली. सभ्य वाक्यावर आता मी विश्वास ठेवत नाही. तपासते. समोरचा कितीही हसला तरी तपासते.

तक्रार सरकारी पोर्टलवर करायची असते. मी फॉर्म उघडला आहे. आडनावाचा रकाना सक्तीचा आहे.