वाईट नाही असा नवरा

नॉर्डबी गावात बोलण्याची उधळपट्टी कुणाला खपत नाही. मिनेसोटाच्या त्या सपाट मुलखात नाकातला श्वास गोठायला लागला की माणसं "जरा गारवा हाय" म्हणतात, आणि कोठाराला आग लागली तर "धूर दिसतुया बगा." अशा गावात आर्डिस टॉलफसन जन्मली, वाढली, आणि कमी बोलण्यात साऱ्या गावाला मागं टाकून बसली.

हाडापेरानं रुंद, दंड गड्यासारखे. पोरवयात बापाच्या गोठ्यात धारा काढल्या. मग व्हर्ल टॉलफसनशी लग्न करून त्याच्या बीटाच्या शेतात राबली. एका पानगळीत व्हर्ल ट्रॅक्टरवर बसल्याबसल्या गेला, तेव्हा ती चौकातल्या कॅफेच्या शेगडीपुढं जाऊन उभी राहिली ती राहिलीच. मयतीला सारा गाव लोटला होता. पाद्रीबाबानं विचारलं, मागं राहिलेल्या कुणाला दोन शब्द बोलायचेत का. आर्डिस उठली, म्हणाली, "बरा हुता," आणि बसली. बाप्या माणसांनी रुमाल काढले. व्हर्लच्या म्हाताऱ्या आईनं ते दोन शब्द थडग्यावर कोरून घेतले.

पुढं टर्कीच्या कारखान्यात पक्षी सोलायला बाहेरदेशची माणसं आली, त्यात एलिसेओ चूब आला. ग्वाटेमालाच्या डोंगरातला, बुटका, पन्नाशीचा, पहिल्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झालेला. जमिनीच्या भांडणात त्याच्या भावाला गोळी घातली आणि "पुढची तुला" असं सांगून गेले, तेव्हा त्यानं घर सोडलं. सीमेवर येऊन आसरा मागितला. अर्ज झाला, आणि सरकारदरबारी असा मुरत पडला की लोणचंसुद्धा इतकं मुरत नाही.

कारखान्यातली पाळी सुटली की तो कॅफेत यायचा. खिशात गावाकडच्या मिरचीच्या भुकटीची बाटली. एकदा त्यानं आर्डिसच्या सूपवर ती भुरभुरली. आर्डिसनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, चमचा घेऊन बाहेर आली, आणि विचारल्याशिवाय त्याच्या वाडग्यातलं चाखलं. नाक वाहिलं, डोळे वाहिले.

"फरक पडतुया," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एलिसेओनं ती बाटली तिच्या शेगडीपाशी ठेवली ती परत नेलीच नाही. असं बरेच महिने चाललं. मग थंडीच्या तोंडावर आर्डिस त्याच्यापुढं अंडी ठेवताना म्हणाली, "दोन घरं तापवत बसण्यात काय अर्थ हाय?"

एलिसेओनं घास गिळला, विचार केला. "न्हाय," म्हणाला.

चर्चच्या तळघरात लग्न झालं. जेवायला खिम्यावर भाजलेला बटाट्याचा थर आणि कॉफी.

कॅफेतल्या सकाळच्या कॉफीच्या टेबलाचा पाटील म्हणजे हार्लन, व्हर्लचा धाकटा भाऊ. रेडिओवर आश्रयाचे खोटे अर्ज, खोटी लग्नं यावरून रोज कुणी ना कुणी भांडत असे, आणि ते भांडण हार्लन डोक्यावर घेऊन कॅफेत येई. त्या वर्षी शहरात एकाला पकडलं. पैसे घेऊन लग्नं लावायचा. सगळ्या जोडप्यांच्या फोटोंत केक तोच, पुठ्ठ्याचा, फुटका कोपरा भिंतीकडं फिरवलेला. हार्लनला तर दिवाळीच झाली.

"म्या म्हन्लं न्हवतं? रडगाणी पाठ करून येत्यात. ती न्हाय चालली की हितली बायकू धरत्यात. काय पावणं?"

पावणं म्हणजे एलिसेओ. तो पलीकडच्या स्टुलावर अंडी खात होता.

"भावजी, रोख कुणावर हाय?" आर्डिसनं कॉफी ओतत विचारलं.

"तुमास्नी न्हाय वहिनी. एकंदर बोललो."

"एकंदरला माझी ना न्हाय. खोट्याला धराच. खोट्याच्या पायी खऱ्याची रांग लांबती. पर धरणाऱ्याला खरं वळकता आलं पायजे."

"त्या रांगंत म्याच हाय," एलिसेओ हळूच म्हणाला. मग सगळ्यांना आपापल्या कपात काहीतरी दिसायला लागलं.

लग्नाच्या आधारावर इथं राहण्याचा परवाना मागितला होता, त्याची मुलाखत शहरात लागली. लग्न खोटं ठरलं असतं तर एलिसेओची रवानगी परत त्याच डोंगरात, गोळीवाल्यांच्या दारात, आणि इकडचं दार कायमचं बंद. हे दोघांनाही ठाऊक होतं. जाताना गाडीत कुणी त्याबद्दल बोललं नाही.

मुलाखत घेणारी डेल्फीन प्रुइट दक्षिणेकडून नुकतीच बदलून आलेली. गोड बाई. तिकडं दुकानदारसुद्धा गिऱ्हाइकाला सोन्या-राजा करतात. नवराबायकोला तिनं वेगवेगळं बसवलं.

"मावशी, लग्न का केलंत?"

"दोन घरं तापवायची म्हंजी लाकूड लई जातं."

प्रुइटबाईनं ते लिहून घेतलं. मग लग्नाचा फोटो पुढं सरकवला. "तुम्हा दोघांच्या मधून गाय जाईल हो."

"कोट जाड हुतं."

"बरं, नवरा म्हणून कसे आहेत ते?"

आर्डिसनं खिडकीबाहेर पाहिलं. परक्या बाईपुढं असलं उघडं बोलायचं म्हणजे अंगावरचं लुगडं सोडण्यासारखं. पण वेळच तशी होती. तिनं लाज गुंडाळून ठेवली आणि बोलून टाकलं. "वाईट न्हाय."

कानापर्यंत लाल झाली. प्रुइटबाईनं तेही लिहून घेतलं, आणि खाली रेघ मारली.

पलीकडच्या खोलीत एलिसेओला विचारलं, तुम्ही बायकोला लाडानं काय म्हणता. तो म्हणाला, "काय न्हाय." ती तुम्हाला? "काय न्हाय." शहरातली ती केकवाली जोडपी याच खुर्च्यांवर गळ्यात गळे घालून बसली होती. निम्मी पास होऊन गेली होती.

"समाधान झालेलं नाही," प्रुइटबाई शेवटी म्हणाली. "गावात येऊन चौकशी करावी लागेल."

परतीच्या वाटेवर अर्धा रस्ता संपल्यावर आर्डिस म्हणाली, "म्या जरा जास्तच बोलले का?"

"काय बोललीस?"

तिनं सांगितलं. एलिसेओची गाडी किंचित बाजूच्या बर्फात गेली, परत रस्त्यावर आली. "जरा जास्तच," तो म्हणाला.

ऐन जानेवारीत एका सकाळी प्रुइटबाई पातळ बुटांत कुडकुडत कॅफेत शिरली, आणि सगळा कॅफे मोकळा असताना नेमकी हार्लनच्या टेबलाशी जाऊन बसली. खिडकीतून आर्डिसनं ते पाहिलं. गावात एवढी माणसं, आणि बाईला हाच गावला. तिनं शेगडीवरचा पंखा बंद केला, ऐकू यावं म्हणून. तव्यावरचा घावन करपला.

"तुम्ही पहिल्या नवऱ्याचे भाऊ," प्रुइटबाई म्हणाली. "तुम्हीच सांगा, हे लग्न खरं आहे का?"

हार्लननं साखर न घातलेली कॉफी ढवळली. "मला इचारू नगा. मला त्या लग्नाचा राग हाय."

"म्हणजे खोटं आहे?"

"खोटं असतं तर राग कशापायी आला असता, बाई?"

प्रुइटबाईनं लेखणी खाली ठेवली. "पण मावशींना त्यांचं फारसं कौतुक दिसत नाही. मी विचारलं तर नुसतं 'वाईट नाही' म्हणाल्या."

हार्लनचा चमचा थांबला. टेबलावरचे सगळेच थांबले.

"कुणाम्होरं म्हनली?"

"माझ्यापुढं."

"परक्या मानसाम्होरं?" हार्लन सावकाश खिडकीकडं वळला. "वहिनी, असं म्हन्लासा तुमी?"

आत भांडं खडखडलं. "म्हन्लं."

हार्लननं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "माझा भाऊ जलमभर हिच्यासंगं नांदला. 'बरा हुता' म्हनली. आमी म्हन्लं, ह्याच्या वर काय नसतंय. दगडावर कोरलंय, जाऊन बगा. आन् ह्यो काल आलेला पावणा, तर 'वाईट न्हाय'."

"पण त्यात एवढा काय फरक आहे?"

"'बरा' म्हंजी तक्रार न्हाय. 'वाईट न्हाय' म्हंजी..." हार्लन अडखळला, मानेपर्यंत तांबडा झाला. "बायामान्सांत बोलू ने ते."

प्रुइटबाईनं टेबलाभोवती पाहिलं. दाढीवाले, पोटवाले, सगळे म्हातारे खाली माना घालून बसले होते, जणू कुणाच्या न्हाणीघराचं दार चुकून उघडलं गेलंय.

"आमच्याकडं हे शब्द शिळ्या पावाला वापरतात," ती हळूच म्हणाली.

"तुमच्याकडं पाव चांगला असंल," हार्लन म्हणाला.

निघताना बाईची गाडी थंडीनं चालू होईना. तेवढ्यात एलिसेओ पाळी संपवून आला, आणि न बोलता आपल्या ट्रकची तार तिच्या बॅटरीला जोडायला लागला. डोकं उघडंच. आर्डिस तशीच एप्रनवर बाहेर आली, खिशातली कानटोपी त्याच्या डोक्यावर थापटून कानाखाली ओढली, त्याच्या नाकाला हात लावून गार आहे का बघितलं, आणि "मुडदा पडंल हितं" म्हणून आत गेली. प्रुइटबाईनं गाडीच्या आरशातून हे पाहिलं. तिचं इंजिन सुरू झालं होतं, तरी ती थोडा वेळ बसून राहिली.

बर्फ वितळून रस्त्याला चिखल झाला तेव्हा परवाना आला. हार्लनचं मत बदललं असं कुणी समजू नये. निम्मे अर्ज खोटे, असं तो अजूनही म्हणायचा. कुणी छेडलंच तर म्हणायचा, निम्म्याला थोडं कमी.

परवाना आला त्या सकाळी एलिसेओ आपल्या स्टुलाकडं निघाला, तर हार्लननं पायानं टेबलाची एक खुर्ची मागं सरकवली. एलिसेओ बसला. आर्डिसनं त्याच्यापुढं अंडी ठेवली, मिरचीची बाटली ठेवली, आणि आत गेली.

"मग गड्या," हार्लन म्हणाला, "कागद झाला. आता बायकूचं काय म्हणणं? कशी काय हाय?"

एलिसेओनं अंड्यावर मिरची टाकली. एक घास खाल्ला. खिडकीकडं पाहिलं.

"वाईट न्हाय," म्हणाला.

चमचे थांबले. आत आर्डिसनं शेगडीकडं तोंड फिरवलं, पण मानेचा मागचा भाग लाल होत गेला तो सगळ्यांना दिसला. हार्लननं पेपर उघडून तोंडापुढं धरला.

"असलं घरी जाऊन बोलत जा," तो पेपराआडून म्हणाला. "हितं लोकं खायाला बसल्यात."