शिंगल्स म्हणजे कमरपट्टा

तुमच्या आजोबांच्या कमरेवर डाव्या बाजूला पुरळ उठलं, तो सोमवार होता. मी कॅलामाइन लावलं आणि औषधांच्या वहीत लिहिलं, 'अ‍ॅलर्जी. नवा साबण.' साबणही बदलला.

मंगळवारी पोळ्यांना येणाऱ्या बाईंनी ते पाहिलं. त्या इथल्याच, तळवली गावच्या. म्हणाल्या, "आजी, ही नागीन हाय. आजच्या आज..."

"नागीण-बिगीण काही नसतं. तव्याकडे बघा, पोळी करपतेय."

नागीण कमरेला विळखा घालते, तोंड शेपटीला टेकलं की माणूस जातो, असं मी लहानपणी ऐकलं होतं. त्याही तेच सांगणार, हे मी धरूनच चालले. त्यांनी पोळी उलटली.

शुक्रवारी फोड आले, आजोबांना कूस बदलता येईना, तेव्हा डॉक्टरकडे गेलो. त्यांनी एक नजर टाकून सांगितलं, शिंगल्स, म्हणजे नागीणच. पहिल्या तीन दिवसांत आला असतात तर गोळ्यांचा जास्त उपयोग झाला असता. आता फोड सुकतील, पण कळा मागे राहू शकतात.

घरी येऊन मी शब्दकोश काढला. काही सुचेनासं झालं की मी तेच करते. शिंगल्स हा शब्द लॅटिनमधल्या कमरपट्ट्यावरून आलेला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा दुसरा शब्द, झोस्टर, तोही ग्रीकांचा कमरपट्टाच. म्हणजे त्यांनीही कमरेभोवती सरकत जाणारं काहीतरी पाहिलं आणि तसं नाव ठेवलं. ते नाव मी शास्त्र म्हणून मानलं असतं. बाईंचं नाव ऐकताच कान बंद केले.

दुसऱ्या दिवशी बाईंना म्हटलं, तुमचं बरोबर होतं. लाटणं न थांबवता त्या म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांना झालेली. दवाखान्यात न्या, येवढंच सांगत होते. तुमी ऐकून कुठं घेतलं?"

फोड गेले. कळा दोन महिने झाले तरी आहेत. अंगाला सदरा सोसत नाही. कमरपट्ट्याची हकीकत मी आजोबांना सांगितली. ते म्हणाले, "अगं, पट्टा तर पट्टा. सोडव आता."

म्हणून ते रविवारी फोनवर दिसत नाहीत. रागावलेले नाहीत. उघड्या अंगाने नातवंडांसमोर यायला त्यांना संकोच वाटतो. कधी बरं वाटेल, ते डॉक्टरही सांगत नाहीत. तेव्हा दिसण्याचा हट्ट करू नका. मी फोन त्यांच्या कानाशी धरीन, तुम्ही बोला.