डाव्या हाताने केलेलं जहाज

मंडळी, आज दुपारी मी पहिल्यांदाच जहाजाचं मॉडेल बनवायला बसले. मिस्टर गेल्यापासून काही वाटेनासंच झालंय, म्हणून मुलीने किट आणून दिलं. सांगाड्यावर एक फळी चिकटवली आणि तशीच बसून राहिले. आनंद नाही, कंटाळाही नाही. वडील मात्र आठवले.

सत्तरच्या दशकात आम्ही काळेवाडीत राहायचो. वडील चिंचवडच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. तिथे त्यांच्या उजव्या हाताची बोटं गेली. घरी आल्यावर ते नुसते भिंतीकडे बघत बसायचे. वाढलं की जेवायचे, बोलायचे मात्र नाहीत.

एकदा त्यांचे दोस्त शिंदेकाका भंगारातल्या लाकडाचे तुकडे घेऊन आले.

"राव, डावा हात हाय ना? जहाज करायला घे."

"मी समुद्र बघितला नाही," वडील म्हणाले.

"मी तरी कुठं बघितलाय? लाकूड तर बघितलंय."

वडील लाकूड घासायला लागले, पण ते सारखं निसटायचं. आई स्टोव्ह बंद करून समोर येऊन बसली आणि तिने तुकडा घट्ट धरला. एक बाजू गुळगुळीत झाल्यावर वडील म्हणाले, "दुसरा दे." अपघातानंतर त्यांनी स्वतःहून काही मागितलं ते तेव्हाच पहिल्यांदा.

त्या वेळी त्यांना बरं वाटत होतं, की नुसते हात चालत होते? मी कधी विचारलं नाही. तुमच्यापैकी कुणी यातून गेलंय का? आधी काय परत आलं, हात की मन?