गीताबाई आन कंपनीची सुई

वडनेर भोलजीत लग्न असो का अक्षय तिजेची अखजी, मांड्याचं आवतन पयले गीताबाईले जाये. पुरन भरलेला गोळा थे दोन्ही हातावर घे, आन हात वर-खाली करत करत असा पसरवे का मांडा कोपरापरेंत लोंबे. मंग एका झटक्यात उलट्या खापरावर टाके. पाव्हने मांडवातून उठून चुलीपाशी पाहाले येत. एकदा नवरदेवाचा मामा म्हनला, "बाई, याच्यातून तुमच्या बांगड्या दिसून राह्यल्या."

गीताबाई म्हनली, "जेवाले आले ना मामा? मंग बांगड्या कायले पाह्यता?"

तिची जाऊ महामाया. जाऊ कायची, सख्खी लहान बहीन. दोघी बहिनी दोघा भावायले देल्लेल्या, एकाच घरात, एकाच चुलीवर. लहानपनापासून दोघीची एकच रीत, जे आलं थे अर्धं-अर्धं. एक जिलबी असली तरी मोडून. नव्या लुगड्याची घडी या खेपेले एकीनं मोडली त पुढच्या खेपेले दुसरीनं. त्याच्यावरून सासू चिडे, "तुमचे नवरे तरी येगयेगळे ठिवले, उपकार झाले बाप्पा!"

मंग दोघीचे हात धरले. पयले गीताबाईचे, वर्षभरानं महामायेचे. सकाऊन उठलं का बोटं सुजून राह्यत, मूठ वळे ना, गडवा धरवे ना. निर्गुडीचा शेक झाला, मोहरीचं तेल झालं, मन्याऱ्याच्या दुकानातला पट्टा झाला. खामगावच्या डॉक्टरनं सांधेवाताची गोळी देल्ली होती, आठवड्याले एक घ्याची. पन दुखलं त घ्याची, नाई दुखलं त डब्यात, असं दोघीचं चाले. त्या साली अखजीले गावात मांडे झाले नाई. लोकायनं तव्यावर पोळ्या लाटल्या. गीताबाई त्या दिवशी अंगनातबी निंघाली नाई.

करोना सरल्यावर खामगावच्या त्याच दवाखान्यात हैदराबादची औषधाची कंपनी आली. तिचं नाव असं इंग्रजी होतं का कोनाच्या तोंडात बसलं नाई, सगळे कंपनीच म्हनत. सांधेवातावर तिनं नवीन सुई काढली होती, आन थे लागू पडते का नाई हे तिले पाहाचं होतं. डॉक्टर वैजनाथनं दोघी बहिनीले बसवून समजावलं.

"बाई, अंगातली जी ताकद रोगाशी लढते ना, तीच चुकून तुमच्या सांध्यांवर उठली आहे. राखणीचा कुत्रा घरच्यांनाच चावतोय, असं समजा."

"मंग काठी घ्या ना साहेब. माहे हात काऊन पाहून राह्यले?"

"काठीनं कुत्रा मरेल, मग चोर शिरतील घरात. हे औषध त्याला नुसतं बांधून ठेवतं. म्हणजे, ठेवतं का, तेच बघायचं आहे."

मंग त्यानं खरी गोम सांगतली. अर्ध्या लोकायच्या सुईत औषध राह्यन, अर्ध्यायच्या सुईत खारं पानी. सुई दिसाले सारखीच. कोनाले काय भेटलं हे डॉक्टरलेबी मालूम नसते, थे गुपित कंपनीच्या पेटीत.

महामाया म्हनली, "पान्यासाठी खामगावले कायले येऊ? पानी घरी हाये."

तिथी सुचिता नावाची पोरगी कंपनीनं ठिवली होती, रक्त घ्याले, फोन कराले. थे हासली, "मावशी, तुमच्या घरच्या नळाले आठवड्यातून एकदा येते. हे त पंधरा दिवसाले नेमानं भेटन."

दोघीनं आंगठे देल्ले. सुचितानं दोन गोष्टी बजावून सांगतल्या. जुनी गोळी दर सोमवारी घ्याचीच, आन आपली सुई आपल्यालेच टोचाची. घरी फ्रीज होता, म्हनून सुयाचे दोन डब्बे संग देल्ले. गीताबाईचा निळ्या पट्टीचा, महामायेचा हिरव्या.

त्या साली कंपनीचे दिवस भल्ले चढले. पेपरात फोटू आला. परदेशातल्या एका मोठ्या कंपनीनं हिच्या संग हात मिळवला. दवाखान्यात वरच्या मजल्यावर थंडगार खोली झाली, वडनेरापरेंत न्याले-आन्याले पांढरी गाडी ये, गाडीत पोह्याचा डब्बा. लोक म्हनत, "दुखनं असावं त असं." सुचिताचा सोमवारचा फोन मात्र चुके ना. "मावशी, गोळी घेतली? घेतली म्हनू नोका, आता माह्यासमोर गिळा, मले घोट आयकू येऊ द्या."

आन गीताबाईचे बोटं मोकळे होऊ लागले. पयले गडवा, मंग विळा, मंग येनी. अखजीले तिनं शेजारच्या रामरावच्या घरी खापर मांडलं. पयला मांडा फाटला, दुसरा फाटला, तिसरा कोपरापरेंत आला. रामराव म्हनला, "आली बाप्पा आमची अखजी!"

महामाया तिथीच बसेल होती. तिच्या हाताले काईच फरक नोता. तिनं मांडा खाल्ला, पन घास तिच्या पोरीनं मोडून देल्ला.

त्या दिवसापासून गीताबाई दोघीच्या डब्याचा हिशोब मांडू लागली. तिचा हिशोब सरळ होता. आपले हात सुधरले म्हंजे आपल्या डब्यात औषध. महामाया आहे तशीच, म्हंजे तिच्या डब्यात पानी. बहिनीनं पानी टोचून घ्यावं आन आपुन मांडे फिरवावे, हे कोन्या शास्त्रात बसते? सुईच्या दिवशी तिनं निळ्या डब्यातली सुई काढून बहिनीच्या हातात ठिवली.

"हे घे. तुही मले दे."

"बाई, बह्याड झाली काय वं? सुचिता काय म्हनली होती?"

"सुचिता तुही बहीन हाये का मी? या खेपेले तू निळी, पुढच्या खेपेले मी. जिलबीवानी."

असं दोघीचं चालू झालं. महामायेले वाटे, थोडं बरं हाये. गीताबाईचे बोटं एखांद्या सकाळी आखडले त थे मनात म्हने, आखडू दे, मायेचं पानी हाये. सुचिताले कोनीच सांगतलं नाई. तपासनीचे आकडे पाहून थे डोकं खाजवे.

हिवाळ्यात महामायेले ताप आला. घरच्यायनं सर्दी समजून काढा पाजला. तीन-चार रोजानं तिले दम लागू लागला, ओठ काळे पडले. जीप करून खामगावले नेलं. डॉक्टर वैजनाथनं छाती पाह्यली आन म्हनला, "फुप्फुसात उतरलं आहे. ही कंपनीच्या औषधावर असेल तर कुत्रा बांधलेला आहे, इलाज वेगळा आणि कडक करावा लागेल. सुचिता, हैदराबादला फोन लाव. हिचं गुपित उघडायला सांग."

गीताबाई भिताडाले टेकून उभी होती. डॉक्टरच्या डोक्यात काय चाललं थे तिच्या ध्यानात आलं. कंपनी हिरव्या डब्याचं सांगन, आन महामायेनं त आखरीची सुई निळ्यातली घेतली. बोललं त दोघी कायमच्या बाहेर, आन मंग हात गेले थे गेलेच. नाई बोललं त डॉक्टर चुकीच्या वाटेनं जाईन आन बहीन हातची जाईन. सुचितानं फोन कानाले लावला.

"थांब पोरी," गीताबाई म्हनली. "दोन्ही डब्ब्याचं इचार. आम्ही बदलून घेत होतो."

सुचिताचं तोंड उतरलं. "कवापासून मावशी?"

"अखजीपासून. एक खेप मी, एक खेप थे. आखरीची तिनं माही घेतली, निळी."

डॉक्टरनं कपाळाले हात लावला. रागवाले टाईमच नोता. फोनवर दोन्ही गुपितं उघडली. सुचितानं आयकलं, पुन्हा इचारलं, मंग फोन ठिवला.

"हिरव्यात औषध होतं, सर. निळ्यात पाणी."

डॉक्टरनं बोटावर दिवस धरले. आखरीची खेप पान्याची, म्हंजे औषध आंगात जाऊन महिना होत आल्ता, जोर उतरेल होता. त्या अंदाजानं त्यानं इलाज लावला. पाचेक दिवसानं महामाया उठून बसली, चहा प्याली, आन तिले सगळं सांगतलं तवा पयले शब्द तिच्या तोंडातून निंघाले, "म्हंजे मी तुले औषध देल्लं, आन तू मले पानी पाजलं?"

"मले काय मालूम वं!"

"लहानपनी जिलबीचाबी लहान तुकडा मलेच देत होती. आजची नाई तुही सवय." म्हनली आन खोकता खोकता हासली.

दोघीचं नाव कंपनीतून कटलं. गीताबाईले मातर एक कोडं राह्यलं. पान्यानं हात कसे काय मोकळे झाले? डॉक्टर म्हनला, "पाण्यानं नाही बाई. जुन्या गोळीनं. ती तुम्ही पहिल्यांदाच नेमानं घेतली, सुचिता बसली होती ना फोनवर."

उन्हाळ्यात कंपनीनं देशभरातला हिशोब केला. औषधवाले सुधरले होते, पन पानीवालेबी जवळ जवळ तितकेच सुधरले होते. परदेशातल्या कंपनीनं हात काढून घेतला. पांढरी गाडी बंद झाली, थंडगार खोलीले कुलूप लागलं, सुचिता चिखलीले रक्त तपासाच्या दुकानात लागली. गीताबाईच्या मनाले थे लागलं. तिनं डॉक्टरले इचारलं, "आमच्यापायी बुडली का हो?"

"दोन बायकांनी कंपनी बुडत नाही. सगळीकडं असंच झालं. जिथं फोन गेले तिथं गोळी पोटात गेली. औषध वाईट नव्हतं, पण गोळीपेक्षा फार चांगलं आहे, हे दाखवता आलं नाही."

गीताबाई घरी येऊन म्हनली, "एवढ्या हुशार लोकायले गोळी मोजता आली नाई, आन आपल्याले सुई." महामाया म्हनली, "तू त काईच मोजू नोको."

गोळीनं गीताबाईचे हात पुरते नाई, पन कामापुरते राह्यले. मांडा आता कोपरापरेंत नाई, मनगटाच्या थोडा वर येते. लोक घेतात. महामायेले मातर गोळी लागू पडली नाई. तिचे बोटं वाकडे होत गेले, कापूस वेचनं बंद झालं, भाकर थापनं बंद झालं. थे येता-जाता पोरीवर चिडे.

दोन सालानं कंपनीच्या उरल्या-सुरल्या लोकायनं दुसऱ्या जातीचं औषध काढलं, आन ज्यायले गोळी लागू पडत नाई अशाच लोकायले बोलावलं. खोलीचं कुलूप निंघालं, सुचिता परत आली. सांगतलं का याबी खेपेले अर्ध्यायले पानीच भेटन, पन वर्ष सरल्यावर सगळ्यायले औषध देनार. गीताबाईले गोळी लागू होती, तिले घेता येत नोतं. महामायेले घेतलं. दोघी एसटीनंच गेल्या, गाडी काई आता ये ना.

महामायेनं आंगठा देल्ला. सुचितानं फ्रीजमधून नवा डब्बा काढला आन संग देन्यासाठी पिशवीत ठिवू लागली. गीताबाईनं तिचा हात धरला.

"हिले इथीच टोचत जाय पोरी. मी दर खेपेले घेऊन येईन, ऊन असो का पाऊस. पन डब्बा घरी देऊ नोको."

"काऊन मावशी? आता त तुमची सुई नाई, बदलसान कायच्या संग?"

"हिले पानीच हाये असं माह्या मनानं घेतलं," गीताबाई म्हनली, "त मी काय करीन याचा मले भरोसा नाई."