बारा नावं आणि पाच चौकटी

डिसेंबरात मालवणला गेले ती समुद्रासाठी नव्हे. तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवणारी माझी मावसबहीण वैशाली फोनवर म्हणाली, "आमच्या मुलांनी रोबोट केलाय. शनिवारी कुडाळला स्पर्धा आहे, बघायला ये." गुरुवारी पहाटे पुण्याहून एकटीच गाडी घेऊन निघाले.

कोल्हापूर, गगनबावडा, घाट उतरून वैभववाडी, मग तळेऱ्याला महामार्ग. घाट चालू आहे की दुरुस्तीसाठी बंद, हे निघण्याआधी विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं, सुदैवाने उघडा होता. तळेऱ्याला चहा, पुढे कसालवरून मालवण. थांबे धरून नऊ तास. तारकर्लीत माडांच्या बागेतली खोली दीड हजाराला मिळाली. बांगड्याचं ताट अडीचशे, सोलकढी मागाल तितकी. गाडी नसेल तर रेल्वेने कुडाळला उतरा, तिथून मालवणच्या बस आहेत.

शुक्रवारी शाळेत गेले. प्रयोगशाळेत बारा मुलं एका यंत्राभोवती ओणवी झालेली.

"मावशी, थंय बसा नको, वायरी आसत," दहावीतली शर्वरी म्हणाली. ही संघाची कप्तान.

काम असं होतं: अडीच मिनिटांत जमिनीवरच्या प्लास्टिकच्या रिंगा उचलून उंच खुंट्यांवर घालायच्या. सांगाडा पाण्याच्या पाइपचा, त्याला चार मोटारी आणि वर-खाली होणारा हात. खाऱ्या हवेने स्क्रू गंजतात म्हणून एक मुलगा रोज त्यांना खोबरेल लावायचा. हाताच्या पंज्यातून रिंग घसरत होती. आठवीतल्या नेहाने मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉनचा दोरा पंज्याच्या बोटांवर घट्ट गुंडाळला, तेव्हा कुठे ती टिकली. कोणी पाइप कापले, कोणी प्रोग्राम लिहिला, कोणी व्हरांड्यात खडूने मैदान आखलं. दोघं नुसत्या बॅटऱ्या सांभाळत होती, आणि एक बॅटरी उतरली की सगळं ठप्प.

शनिवारी आठ वाजता मुलांबरोबर त्यांच्या टेम्पोने कुडाळच्या सभागृहात पोचलो. रोबोटचं वजन केलं, मापं घेतली, सगळं नियमात. मग आयोजकांपैकी एका गृहस्थांनी अर्ज उघडला. अर्जात नावांच्या पाच चौकटी होत्या. मुलांनी पाच नावं लिहून खाली कागद चिकटवला होता आणि त्यावर उरलेली सात.

"हे काय? संघ पाचांचा असतो. सात नावं खोडा."

"रिंगणात पाचच जण उभे राहू, सर," शर्वरी शाळेतल्या मराठीत म्हणाली. "पण नावं बारा राहू देत."

"प्रमाणपत्रं पाचच छापलीत, बाळ."

मी चाळीस वर्षांच्या आयुष्यात पुष्कळ फुटकळ कारणं ऐकली आहेत. हे त्यांतलं सर्वांत फुटकळ. शेजारच्या टेबलावर एका मोठ्या शाळेचा रोबोट होता. पोरं बाजूला उभी आणि त्यांचा पगारी प्रशिक्षक गुडघे टेकून मोटार बसवत होता. त्याचं नाव कुठल्याच चौकटीत नव्हतं. त्यावर कुणाची हरकत नव्हती.

"माझां नाव काढ गो," नेहा शर्वरीला म्हणाली. "माका काय फरक पडत नाय."

"गप रव. तुझ्या दोऱ्याशिवाय रिंग रवली असती काय?"

"मग आता काय बारा जणां घराक जाव्या?"

शर्वरी पुन्हा टेबलाकडे वळली आणि या वेळी शाळेतली मराठी सुटलीच. "कोणाचां काढू, सर? रापणीत जेणी दोरीक हात लावल्यान तेचो वाटो आसताच."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. ओढायला आलेल्या प्रत्येकाला मासळीतला वाटा मिळतो. या मुलांच्या घरी हे कुणी मुद्दाम शिकवत नाही, ती ते बघतच वाढतात. त्यामुळे अर्ज भरताना आपलं काही चुकतंय हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. वैशालीने गृहस्थांना शांतपणे नियमावली दाखवायला सांगितली. रिंगणात पाच असावेत असं तिथे होतं. नावांबद्दल एक शब्द नव्हता. "पद्धत आहे," एवढंच उत्तर. शेवटी त्यांनी 'उदार' तोडगा काढला: रोबोट चालवा, गुण मिळणार नाहीत. सात नावं खोडायची असतील तर संघाचं नाव पुकारेपर्यंत वेळ आहे.

संघाचं नाव पुकारलं गेलं. कागद तसाच होता.

अडीच मिनिटांत त्यांनी आठ रिंगा घातल्या. दिवसभरात त्याहून जास्त फक्त एका संघाने घातल्या. पहिले दोन संघ राज्य फेरीला जाणार होते. दुसरा गेला तो त्या प्रशिक्षकाचा, सहा रिंगांवर.

परतीच्या टेम्पोत मी शर्वरीला विचारलं, राग नाही आला?

"इलो तर! पण नववी रिंग सुटली ना, तेचो जास्त इलो."

मागून कुणीतरी ओरडलं, "तू डावीकडे वळवलंस म्हणान सुटली!" मालवण येईपर्यंत त्यांचं तेच भांडण चाललं.

पुण्यात परत येऊन मी आयोजकांना सविस्तर पत्र लिहिलं. 'आपली सूचना नोंदवून घेतली आहे' असं दोन ओळींचं उत्तर आलं. फोटो पाहून मित्रमंडळी म्हणतात, केवढे छान संस्कार, मुलं आयुष्याचा धडा शिकली. मला हे कौतुक सहन होत नाही. धडा त्यांना आधीच येत होता, शिकायची गरज टेबलापलीकडच्यांना होती. शर्वरीचं हे शाळेतलं शेवटचं वर्ष. पुढच्या डिसेंबरात अर्जावर चौकटी वाढतील, कदाचित बाराही होतील. तेव्हा ती या शाळेत नसेल. राज्य फेरी तिने रोबोट करून मिळवली होती, आणि ती तिला मिळाली नाही.