अख्खा कारखाना उचलला

आधी हसून घ्या, मग सांगतो. मधेच हसलात तर मला पुढचं सांगवत नाही. दोन वर्षं झाली, पण दारात टेम्पोचा हॉर्न वाजला की मी अजून मागच्या दाराने सटकतो.

त्याचं असं झालं, जमिनीत पैसा गुंतवून श्रीमंत कसं व्हायचं याचा एक दिवसाचा क्लास मी पनवेलला केला. तिथल्या सरांनी एकच मंत्र दिला. जागा शोधू नका, अडलेला माणूस शोधा! ज्याला विकायची घाई आहे असा. आणि तो सापडला की वस्तूकडे ढुंकून बघायचं नाही, 'बायकोला विचारावं लागेल' म्हणायचं आणि गप्प बसायचं. समोरचा आपोआप खाली उतरतो.

माझी बायको सुलभा. आमच्या रोह्याच्या घराच्या पडवीत पिठाची गिरणी टाकायची म्हणून तिने सहा वर्षं ब्लाउज शिवून पैसे साठवले होते. ते मी मागितले. "दुप्पट करून देतो," म्हणालो. तिने माझ्याकडे एकदा रोखून बघितलं आणि कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली.

आणि माणूस सापडला की हो! पेणला, रामवाडीत, चहाच्या टपरीवर. श्रावण संपत आला होता. साठीचे एक नाना चहावाल्याला सांगत होते, "पोरगा डोलवीला कंपनीत लागला, त्याला शिफ्टमधून येळ नाय. माझी कंबर गेली. अख्खा कारखाना एकाला देतो नि मोकळा होतो."

मी उडालोच. अडलेला माणूस, तोही आपणहून बोलणारा!

"नाना, कारखाना द्यायचाय?"

"व्हय. हा काय समोर. बघून घ्या."

समोर पत्र्याची लांबलचक शेड, अगदी रस्त्याला लागून. मी झटकन तिच्याकडे पाठ केली. नाना माझ्याकडे बघतच राहिले.

"बघायला नको. माती कशी आहे?"

"एक नंबर. तडा जायचा नाय."

चला, पाया पक्का!

"कागद?"

"कागद नाय, प्लास्टिकमदी गुंडाळून देतो. पावसाचे दिवस हायत."

केवढा जपून राहणारा माणूस! सातबारासुद्धा प्लास्टिकमध्ये!

"ताबा कधी?"

"परवा सकाळी. रंगाचं थोडं काम बाकी हाय, तेवढं करून देतो. टेम्पोचं भाडं मात्र तुमचं."

बरोबरच आहे. त्यांचं सामान हलवायला टेम्पो लागणारच, मी मनात म्हटलं.

मग नानांनी आकडा सांगितला. अहो, मला घेरी यायची बाकी राहिली! तेवढ्यात हल्ली पेणमध्ये न्हाणीघर मिळत नाही. शहाणा माणूस इथेच थांबला असता. मी काय केलं असेल? मी घासाघीस केली! "बायकोला विचारावं लागेल," म्हणालो आणि गप्प बसलो. नाना जरा वेळ चपलेशी चाळा करत राहिले, मग खाली उतरले. मी तिथल्या तिथे सगळे पैसे मोजले आणि एका कागदावर माझं नाव-पत्ता स्वच्छ अक्षरात लिहून दिला. खरेदीखताला लागतो ना!

परवा सकाळी दारात टेम्पो. त्याच्यामागे दुसरा टेम्पो.

"दादा, गणपती कुठं उतरवू?" ड्रायव्हरने विचारलं.

"कुठले गणपती?"

"तुमचेच. एकशे चाळीस हायत."

ड्रायव्हरच्याच मोबाइलवरून मी नानांना फोन लावला.

"नाना, मी कारखाना घेतला होता!"

"मंग तोच पाठवला ना!"

"अहो, शेड! जागा!"

"शेड माझी कुठली? ती भाड्याची. आमच्यात कारखाना उचलला म्हंजे आतले गणपती उचलले. मुंबयचे व्यापारी दरवर्षी उचलतात. तुमी रोह्याचे ना? तुमाला ठावं नाय?"

पेणपासून तासाभराच्या अंतरावर जन्म गेला आणि मला ठाऊक नव्हतं!

सुलभा बाहेर आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे पहिल्या मूर्तीला हात जोडले. "घरी आलेला गणपती परत पाठवतात होय? उतरवा." मग माझ्याकडे वळली. "आणि माझी गिरणी कुठाय?"

मी पहिला गणपती उचलला आणि गिरणीच्या जागी, पडवीत नेऊन ठेवला.

पडवीत गणपती, माजघरात गणपती, शिलाई मशीनवर गणपती. झोपताना पाय कुठे करायचे, सांगा! जिकडे करावे तिकडे बाप्पा बघतोय. शेवटी मी खुर्चीत बसून झोपायला लागलो.

विकायला बाहेर पडलो, तर रोह्यात घरोघरचे पाट महिन्याआधीच मूर्तिकारांकडे गेलेले. एकदा पाट दिला की मूर्ती ठरली, माझ्याकडून कोण घेणार? तीन खपल्या. त्यातली एक मेव्हण्याला, त्याची आधीच ठरली होती तरी.

चतुर्थीला चार दिवस उरले आणि नाना दारात उभे! त्यांच्या मुंबईच्या व्यापाऱ्याला मूर्ती कमी पडल्या होत्या. ते पायरीवर बसले, गणपतींकडे पाठ करून.

"घेतो परत. अर्ध्यात."

"अर्ध्यात? नाना, दहा दिवसांपूर्वी तर..."

"तवा मी अडलो होतो, दादा. आता तुमी अडलाव. जास्त द्यायचे तर बायकोला इचारायला लागंल."

आणि गप्प बसले.

मी दिले. अर्ध्यात दिले. सुलभाच्या हातात अर्धी गिरणी परत आली. तिने नोटा पदरात घेतल्या आणि विचारलं, "नाना, तुम्ही कुठल्या क्लासला गेला होतात?"

सर म्हणाले होते, खरा अडलेला माणूस शोधायला कधीकधी वर्ष जातं. नानांना शोधावंसुद्धा लागलं नाही. माझा पत्ता त्यांच्या खिशातच होता, स्वच्छ अक्षरात.